मामांच्या रानातली ओली पट्टी

आधी माफी मागतो. इथे चांगलं लिहिणारे लोक आहेत, आणि मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, सावेडीत रूम करून राहणारा. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात मामांच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव पुण्याहून हेलिकॉप्टरने येणार होते. कांदा काढून, फळी मारून सपाट केलेल्या रानाच्या कडेला पांढऱ्या फक्कीने हेलिकॉप्टर उतरायचा गोल आखला होता. धूळ उडू नये म्हणून तेवढ्यावर टँकरने पाणी मारायचं काम माझ्याकडे.

गोलापाशी ट्रॅक्टर वळवायला गेलो, तर स्टीअरिंग एकदम जड — दोन्ही हातांनी ओढूनही वळेना. टँकरचा कॉक मागे उघडाच होता. थांबलो असतो तर गोलातच चिखल झाला असता. म्हणून सरळ जात राहिलो. रानाच्या पार टोकाला स्टीअरिंग आपोआप हलकं झालं. परत येतानाही तसंच. टँकर रिकामा.

मामा धावत आले. "आरं, नवरदेव इमानानं येनार हाय व्हय? धावपट्टीच केलीस की लेका. पानी काय फुकट येतं?"

मी रिकामा टँकर बाजूला नेऊन लावला.

हेलिकॉप्टर आलं, पण गोलावर थांबलंच नाही. लांबून तिरकं खाली येत ओल्या पट्टीवर टेकलं आणि घसरत घसरत पार पुढे जाऊन थांबलं.

पायलट खाली उतरले. "हायड्रॉलिक गेलं वाटेत," ते म्हणाले. "कंट्रोल इतके जड झाले, की एका जागी तरंगत धरणं अवघड होतं. पळतच उतरवावं लागलं. धूळ उठली असती तर जमीनच दिसली नसती."

मी पाणी मारलं तेव्हा हेलिकॉप्टर पुण्यातून उडालंही नव्हतं.

मामा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आनखी एक टँकर मारला असता तरी चाललं असतं."

नंतर मेकॅनिकने ट्रॅक्टर तपासला. स्टीअरिंगचं तेल भरलेलं, पंप चांगला. "कालेजात जाऊन हाताचा जोर गेला काय रं तुझ्या?" तो हसला.

परवा दाजींचा, म्हणजे त्याच नवरदेवांचा, फोन आला. हेलिकॉप्टरचं कारण सापडलं — हायड्रॉलिक पंपाचं सील जाऊन तेल गळालं होतं. आता दुरुस्त होऊन ते पुन्हा उडतंय.

"तुझ्या ट्रॅक्टरचं काय निघालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "अजून काहीच नाही."