टिटवीवरचा हायकू

माझ्या ज्या हायकूला सगळ्यात जास्त दाद मिळाली, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी केजला मास्तर. दुसऱ्यांचे हायकू वाचायचे आणि बोटांवर पाच-सात-पाच अक्षरं मोजत आपलेही पाडायचे, हा माझा नाद. वाचलेल्या कवितांत पक्षी ओरडला की हमखास विरहानंच ओरडायचा. तेच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत युसूफ वडगाव या गावी काकूकडे गेलो होतो. ट्रॅक्टरनं रान नांगरून-मोगडून झालं होतं. मधोमध खाटेएवढा तुकडा तेवढा तसाच राहिलेला, त्यात बाभळीची फांदी रोवलेली. ट्रॅक्टरवाल्यानं कामचुकारपणा केला, असं मी खुशाल ठरवलं. लिहायला नेलेली खुर्ची ढेकळांत डगमगत होती, म्हणून त्या सपाट तुकड्यावर आणून ठेवली. काटे टोचायला लागले तशी फांदी उपटून भिरकावली.

तीन दिवस सकाळी तिथं वही घेऊन बसलो. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांतानं ओरडायची. मी हरखून गेलो. कवितेला आणखी काय हवं?

उघडे रान
टिटवी हाक मारी
हरवल्याला

हायकू आमच्या कवींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ‘काय कान आहेत सर तुमचे!’ कुणीतरी लिहिलं. मी फुगलो. चौथ्या दिवशी काकू चहा घेऊन रानात आली, तेव्हा तिलाही वाचून दाखवला.

तिनं ऐकला, पण बघत होती खुर्चीकडे.

“फांदी कावून काढली?”

“काटे होते.”

“आरं, खूण व्हती ती. अंडी हायेत तितं. ट्रॅक्टरवाल्याला हात जोडून तेवढी जागा सोडायला लावलीती मी.”

मी उठलो. खुर्चीपासून वीतभर अंतरावर खड्यांच्या रंगाची तीन अंडी होती. चौथं खुर्चीच्या मागच्या पायाखाली. त्याला मुंग्या लागल्या होत्या. टिटवी अजून ओरडतच होती.

काकू रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फांदी शोधून आणली, पुन्हा रोवली आणि म्हणाली, “तुजं गाणं लई चांगलं हाय, मास्तर. पण ती कुनाला हाक मारत नव्हती. तुला ऊठ म्हनत व्हती.”

मी खुर्ची उचलून बांधावर आलो. हायकू पुसून टाकायचा, असं तिथंच ठरवलं.

पुसला नाही. परवा केजच्या एका कार्यक्रमात तोच वाचायचा आग्रह झाला. माझ्याजवळ दुसरेही होते. तरी मी तोच वाचला, ‘हरवल्याला’वर आवाज जरा कापरा करून. भरपूर टाळ्या पडल्या. टिटवी काय म्हणत होती, हे मी तिथं सांगितलं नाही.