काकूंचा लपवलेला ताप

मोबाईलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. सांगलीहून नोकरीसाठी मी जयपूरला आले होते आणि एका खासगी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात काम करत होते. वॉर्डातल्या नर्स प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी, रक्ताचे रिपोर्ट, औषधं असं सगळं कॉम्प्युटरवर भरायच्या. त्यावरून ऑपरेशननंतर कोणाच्या जखमेत इन्फेक्शन होतंय हे वेळेत हेरायचं, असा प्रोग्राम आम्ही बनवला होता. शंका आली की पेशंटच्या नावापुढे लाल खूण यायची. सुरुवातीला तर तो उठसूट खुणा करत सुटला. डॉक्टर हसायचे, त्याला अवेळी आरवणारा कोंबडा ठरवून ‘आज मुर्गा बोला क्या’ म्हणून विचारायचे. मला असा राग यायचा म्हणून सांगू! आपल्या पोराला कोणी चारचौघांत मठ्ठ म्हणावं, तसं व्हायचं.

राहायला मी तिलक नगरात एका मराठी घरी होते. काका विमा कंपनीतून रिटायर झालेले, काकू मूळच्या नगरच्या. भाडेकरू म्हणून शिरले आणि आठवडाभरात माझ्या केसांच्या तेलापासून लग्नापर्यंत सगळ्याची काळजी काकूंनी अंगावर घेतली. आमची भांडणंही कडकडून व्हायची. ‘मतलब तू मला शिकवणार?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी शिकवायला जायचेच.

त्या हिवाळ्यात त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रविवारी डोहाळजेवण ठरलं, तिलक नगरातल्या सगळ्या मराठी बायकांना आमंत्रणं गेली, आणि नेमकं त्याच आठवड्यात काकूंचं अपेंडिक्स उठलं. आमच्याच हॉस्पिटलात तातडीने पोट उघडून ऑपरेशन केलं. शुक्रवारी घरी सोडतो म्हणाले, तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी सकाळी त्यांच्या नावापुढे लाल खूण आली.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मी फोन केला. ताप नाही, टाके वरून कोरडे आहेत, नाडी जरा जलद आणि पांढऱ्या पेशी थोड्या वाढल्यात, पण ऑपरेशननंतर असं होतंच, असं त्यांनी मला समजावलं. मुर्ग्याची आठवणही करून दिली. मी चिडून काकूंचं रेकॉर्ड पहिल्यापासून उघडून बसले. नाडी रोज चढत होती आणि ताप मात्र दर वेळी नॉर्मल. दुसऱ्या कोणाचं असतं तर मीही गप्प बसले असते. पण या बाईला मी घरात पाहिलं होतं. सणावाराला अंग फणफणलं तरी गोळी घ्यायची, पदर खोचायचा आणि ओट्याशी उभं राहायचं, ही त्यांची रीत.

मी तडक वॉर्डात गेले. काकू फोनवरून लेकीला पुरणाचं प्रमाण सांगत होत्या. गाल लाल, कपाळावर घाम. फोन ठेवल्याबरोबर मी आडपडदा न ठेवता विचारलं, नर्स यायच्या आधी तापाची गोळी घेता ना?

आधी त्यांनी मला झापलं. मग उशीखालून बटवा काढून माझ्यापुढे टाकला. त्यात घरच्या गोळ्यांची पाकिटं होती, निम्मी रिकामी.

“ताप दिसला तर मला सोडतील का?” त्या म्हणाल्या. “माझी एकुलती एक लेक. तिची पहिली ओटी मी नाही भरायची, तर कोणी?”

मला इतकी भीती वाटली होती की मी ओरडलेच. “आणि बाळ झाल्यावर त्याला न्हाऊ कोण घालणार? पोटात पू घेऊन तुम्ही?”

त्या तोंड फिरवून रडायला लागल्या. मीही रडले. मग डोळे पुसून डॉक्टरांकडे गेले.

सर्जन आले, टाक्यांच्या कडेला दाबून पाहिलं आणि दोन टाके उघडले. आत पू होता. अशाच घरी गेल्या असत्या तर तो आत पसरला असता, म्हणाले. शुक्रवारचं घरी जाणं अर्थातच रद्द झालं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मला स्वतःहून चहा पाजला. मी दोन कप प्यायले.

दिवस बदलायचा नाही, असं काकूंनी बजावलं होतं. रविवारी लेक हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. आईच्या जागी पहिली ओटी कोणी भरायची, यावर बायकांचा खल सुरू झाला. तेवढ्यात हॉस्पिटलातून काकूंचा फोन आला. ओटीसाठी त्यांनी लेकीला माझं नाव सांगितलं. लग्न न झालेल्या मुलीने ओटी भरायची नसते, असं एक मावशी म्हणाल्या. लेकीने फोन सरळ त्यांच्या कानाला लावला. वॉर्डभर ऐकू जाईल एवढा काकूंचा आवाज, आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

“बाळाला मांडीवर घ्यायला मी राहिले ती हिच्यामुळे. माझ्या जागची ओटी हीच भरेल.”

मावशींनी सूप माझ्या हातात दिलं. मी ओंजळ इतकी शिगोशीग भरली की निम्मे तांदूळ पाटावर सांडले. लेक पदर सावरत हसली.

“सांडू दे गं,” ती म्हणाली. “आईच्याही हातून सांडलेच असते.”