घामाचा शर्ट

माझी उंची ही आमच्या घरातली कायमची काळजी होती. नववीतच मी बापाच्या वर गेले. पाहुणे आले की आई दटावायची, "खाली बस, उभी राहू नकोस." खेळाच्या सरांना मात्र माझी उंची पाहून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी शाळेच्या मैदानात खांब रोवून त्याला लोखंडी कडी ठोकली होती. डोंगरकडा गावाच्या अलीकडच्या आमच्या गावात बास्केटबॉल आला तो असा.

त्या वर्षी सरांनी लग्नाच्या कॅसेटी काढणाऱ्याकडून व्हीसीआर मागून आणला आणि आम्हा पोरींना एक सामना दाखवला. त्यातल्या एका अमेरिकन खेळाडूवर सरांचा भारी जीव. त्याच्या देशात त्याला कुणी संघात घेतलं नाही. तो इटलीत गेला, तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तिथंच वर्षानुवर्षं खेळला, तिथलीच बायको केली, तिथलाच झाला. सांगताना सरांचे डोळे भरून आले होते.

"आज तो इटलीकडून खेळतोय," सर म्हणाले.

"कुणाच्या विरुद्ध, सर?"

"अमेरिकेच्या."

माझा आ वासलेला तसाच राहिला. पडद्यावर तो छातीवर हात ठेवून इटलीचं गाणं म्हणत होता, आणि समोर त्याचीच माणसं उभी होती.

संध्याकाळी बापाला हे सांगितलं. तो मेंढीची लोकर कातरत होता, तो थांबला.

"बेइमान हाय त्यो."

"पन बा, त्याच्या लोकायनं त्याला घेतलंच न्हाई."

"मंग? शेजारनीनं भाकर देली म्हनून तिला माय म्हनावं काय?" बाप एवढा का चिडला, हे मला कळेना. सात समुद्रापलीकडचा माणूस, ह्याचं त्यानं काय घोडं मारलं होतं?

पंधरा दिवसांनी शाळेच्या फळ्यावर संघाची यादी लागली. तीनदा वाचली. माझं नाव नव्हतं.

"काहून, सर?"

"तुमी लोक दिवाळी झाली की मेंढ्यायच्या मागं निघून जाता. तुझा काय भरवसा?"

त्या अमेरिकनासाठी रडलेले हेच ते सर! मला इतका धक्का बसला, की रडूही येईना.

औंढ्याकडच्या एका शाळेच्या बाईंनी मला यादी लागायच्या आधी सरावाच्या सामन्यात खेळताना पाहिलं होतं. त्या सरळ आमच्या घरी आल्या. "पोरगी आमच्याकडं द्या. वसतिगृहात राहील, खेळंल." बाप आता त्यांना हाकलणार, असं मी धरूनच चालले होते. त्यानं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जा." माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

मला सोडायला आला तेव्हा त्यानं बाईंना बाजूला घेतलं.

"हिला नवा शर्ट देऊ नका. तुमच्या खेळनाऱ्या पोरीनं घातलेला द्या, घामाचा. धुऊ नका."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मला धरणी दुभंगावी असं झालं. पण मला ठाऊक होतं त्याच्या मनात काय होतं. एखादी मेंढी आपलंच कोकरू जवळ करत नाही. मग ज्याच्या मेंढीचं पिल्लू दगावलंय त्या मेंढपाळाला ते द्यायचं. मेलेल्या पिल्लाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं ह्या कोकराला चोळायचं. वास ओळखीचा लागला की ती मेंढी त्याला पाजते; मग कोकरू तिला 'लागलं' म्हणायचं.

बाईंनी खरंच तसा शर्ट दिला. पोरी हसून हसून लोळल्या, मीही हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्यातली झाले.

हिंगोलीच्या सामन्यात आमची गाठ माझ्याच गावाशी पडली. बाप खांद्यावर घोंगडी टाकून आला होता. शेवटचा बॉल मी कडीतून घातला आणि आम्ही जिंकलो. सवयीनं मी धावले ती माझ्या जुन्या मैत्रिणींकडे. माझी बाकावरची जोडीदारीण तोंड फिरवून म्हणाली, "सरक तिकडं." मी दगडासारखी उभी. नव्या पोरींनीच मला ओढून नेलं.

बाप जवळ आला. माझ्या शर्टाची बाही नाकाशी धरून त्यानं हुंगली, कोकराचं डोकं हुंगतो तशी.

"लागलं कोकरू," तो म्हणाला.

"बा, दिवाळी झाली की मी येते ना मेंढ्यायकडं."

"न्हाई बाई. दुसरीला लागलेलं कोकरू परत आनता येत न्हाई. आनलं तरी तिच्याच नावानं वरडतं." थोडा वेळ तो घोंगडी नीट करत राहिला. "त्या दिशी त्याला बेइमान म्हनलो. आता त्याच्या बापाचाच इचार करून राहिलो."

त्या अमेरिकन माणसालाही बाप असेल, हे तोवर माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.