खोकून दाखवा

"मावशी, जरा खोका. फोटोत दिसलं पाहिजे."

असं म्हणला तो कंपनीचा साहेब. मी चुलीपुढं बसलेली. सकाळीच चूल पोतारलेली, अजून वलीच. अन् ह्यानं बुटासकट येऊन पाय वैलावर ठेवला, जिथं आमी कालवण ठेवतो तिथं. तुराट्या वाळलेल्या, धूर येईना. तर ह्यानं तांब्यातलं पाणी तुराट्यांवर वतलं. तेच पाणी मी प्यायला दिलं व्हतं. प्याला न्हाई. आमी बौद्धवाड्यातले.

मग आला धूर. मी खोकले. त्याला पायजे तसं, बराबर खोकले. त्या खोकल्याची किळस अजून जात न्हाई.

दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट, औंढ्याजवळच्या आमच्या गावातली. कंपनी बिनधुराची चूल फुकट वाटणार व्हती. सुनेचे डोळे धुरानं कायम लाल, अंगावर लेकरू. चूल आमाला पायजेच व्हती, खोटं काहून बोलू.

वाटपाच्या दिवशी समाजमंदिरात बायांची रांग. साहेबानं न इचारता माझा अंगठा धरला अन् शाईत दाबला. मी हात वढून घेतला. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली बाई मी. ज्या कागदावर अंगठा पायजे व्हता, तो सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचला. लिवलं व्हतं, या चुलीनं वाचलेल्या धुरावर हक्क कंपनीचा.

"आमचा न झालेला धूर घेऊन कंपनी काय करती?"

"बाहेरदेशात तिचा कोळशाचा कारखाना आहे. देशादेशांचा करार झालाय, तिला धूर कमी दाखवावा लागतो."

"मंग तिचं धुराडं बंद व्हणार?"

"नाही हो. तुमचा कमी झालेला तिच्या नावावर लागतो."

मागून सून म्हणली, "आत्याबाई, उपाशी आपून राहायचं, अन् बारीक झाले म्हणून त्यांनी सांगायचं?"

बाया हसल्या. साहेब न्हाई हसला.

मी इचारलं, "धुरानं जगाची गरमी तिनं वाढवली, तर तिला कोणतं कोर्ट इचारतं?"

"तसं कोर्ट नाही, मावशी."

चूल तिथंच ठेवून आले. संध्याकाळी सून जुन्याच चुलीपुढं डोळे पुसत बसली. ते आजही टोचतं.

अंगठ्याची शाई राखेनं घासून काढली. फोटो मातर त्यांच्याकडं हाय, कुठंतरी भिंतीवर लागला असंल.

कोर्ट न्हाई म्हणता. बसवा. बसंल त्या दिवशी मी येणार. सांगणार, फोटोतला धूर वतलेल्या पाण्याचा, खोकला सांगितलेला. तुमचा धूर तेवढा खरा.

अन् त्या जबानीखाली सही करणार. अंगठा न्हाई.