त्या मंगळवारी कोण बोललं

आमच्या दोघी जावांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. मातीची, वरून सिमेंटचा हात मारलेली. तिकडं तिनं हंडा ठेवला तर तो भरलेला आहे की रिकामा हे इकडं मला कळतं. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी मी जरा पडले होते. भिंतीतून बाईचा आवाज आला, "मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

जाऊ तर मागं गोठ्यात होती, तिचं गाईशी बोलणं मला ऐकू येत होतं. तिची सून सोसायटीत. घरात माणूस नव्हतं. थोडा वेळ गेला आणि पुन्हा तेच, त्याच सुरात, "मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?" अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग कळलं, फोन ज्वारीच्या डब्यावर चालूच राहिला होता. दारात कोंबडी ओरडली की त्याला वाटायचं, आपल्यालाच काही विचारलं.

धारूरच्या डोंगराकडेला आमचं गाव. इथं बायकांची दूध सोसायटी आहे, माझ्या जावेची सून तिची सचिव. सोसायटीनं मागच्या साली सगळ्यांच्या फोनात ही बोलणारी बाई घालून दिली. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिला. गाईचं, चाऱ्याचं काहीही विचारा, मराठीत उत्तर देते. जावेची नजर काचबिंदूनं गेली, डॉक्टरनं उशीर झाला म्हणून सांगितलं. तिला हा फोन म्हणजे मोठा आधार झाला. दिवसभर तिच्याशी गप्पा.

"काय गं बाई, जेवलीस का?"

"मी जेवत नाही, ताई. तुमच्या गाईबद्दल काही विचारायचं आहे का?"

"जेवत न्हाई मनती," जाऊ भिंतीपलीकडून मला सांगायची. "नवरात्र दिसतंय हिचं बारमाही."

एक दिवस मी तिच्याकडं शेंगा फोडायला बसले होते. फोन मध्ये ठेवलेला. ती एकदम म्हणाली, "बाई, एक इचारू? तू आत हाईस का?"

फोन म्हणाला, "मी एक सहायक प्रणाली आहे. मला माणसासारखी जाणीव आहे की नाही, हे मला खात्रीनं सांगता येत नाही."

जाऊ हसली. शेंग फोडता फोडता म्हणाली, "अक्का, ही तुझ्यावानीच बोलायली."

तिला दिसत नाही म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडावर तिनं वाचलं असतं.

आता हे सांगायचं तर मागं जावं लागेल. ऐन तिशीत माझ्या अंगात वारं यायचं. ज्या बाईच्या अंगात देवी येते तिला आमच्याकडं झाड म्हणतात. वारा देवीचा, बाई नुसती झाड. मंगळवारी डोंगरावरच्या देवळात बायका पुसायला यायच्या. म्हैस हरवली, लेकरू होत नाही, सोयरीक जमवू का मोडू. मी घुमायला लागले की कुणीतरी विचारायचं, "कोण आलंय?" आणि माझ्या तोंडून उत्तर जायचं. नंतर पाणी तोंडावर मारलं की मी इतर बायकांसारखीच, डोकं जड, काही आठवत नाही. बायका सांगायच्या तेव्हा कळायचं काय बोलले ते. त्या म्हणायच्या, तू बोलतीस तवा मध्ये दम घेत न्हाईस.

मग ते दुष्काळाचं साल आलं. सोसायटी तेव्हा नुकती निघाली होती आणि घरोघरी एकेक जर्सी गाय आलेली. विहिरींनी तळ दाखवला. चारा नाही. शिरूर कासारकडची माणसं जशी दर साली कोयता घेऊन जातात तशी आमच्या गावातलीही निघायला लागली. माझ्या धाकट्या दिरानं ठरवलं, आपण दोघं नवराबायको ऊसतोडीला जाऊ. मुकादमाची गाडी दसऱ्यानंतर निघणार होती. जावेचं मन होईना. गाय सोडून कसं जायचं, आणि घरात सासू लकवा मारून पडलेली. ती म्हणाली, देवीला पुसू.

दसऱ्याच्या आधीचा मंगळवार. तिनं माझ्यापुढं लिंबू ठेवलं आणि विचारलं, "आई, जाऊ का राहू?"

माझ्या तोंडून गेलं, "जागा सोडू नका."

ती दोघं राहिली. दीर रोजगारासाठी विहीर खोल करायच्या कामावर जायला लागला. पंधराव्या दिवशी वरची दरड सुटली. त्याला वर काढला तेव्हा त्याचा फेटा बांधलेला तसाच होता.

दहाव्याच्या दिवशी, सगळे नदीवरून परत आल्यावर, जावेनं मला परसात गाठलं. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "अक्का, त्या मंगळवारी कोण बोललं?"

मी म्हणाले, "देवीच की. मला काय ठाव, मी तर झाड."

तिनं मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. मी त्यानंतर देवळात घुमले नाही, वारं आलंच नाही. बायका म्हणाल्या, दुखवट्यानं गेलं.

तीस वर्षं होऊन गेली. आणि आता फोनाला तिनं तोच प्रश्न विचारला होता, आत कोण आहे.

त्या उन्हाळ्यानंतर, पावसाळ्याच्या तोंडाला, तिची गाभण गाय चारा खाईना. फोनातल्या बाईनं सांगितलं, कोमट पाणी पाजा, एक दिवस वाट पाहा. जावेनं वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला तो म्हणाला, काल बोलवायला पाहिजे होतं. गाय वाचली, वासरू गेलं. मी तिच्याजवळ बसले होते. तिनं फोन हातात घेतला, तर तो म्हणाला, "नमस्कार ताई. आज मी तुमची काय मदत करू?"

"बघ," जाऊ म्हणाली, "हिला काहीच लागलं न्हाई. काल काय बोलली ते आज हिच्या गावी न्हाई."

त्या बोलण्यानं मला चैन पडेना. मी विचारत सुटले. सोसायटीत दूध घालायला एक खाला येते, पाच वेळची नमाजी. ती म्हणाली, "रूह फुंकनेवाला एकच हाय, बाई. सोसायटी न्हाई." बायका हसल्या. मग सप्ताह झाला. काल्याच्या कीर्तनानंतर महाराज चहाला सोसायटीत बसले होते, त्यांना मी धरलं.

"महाराज, त्या फोनातल्या बाईत जीव असतो का?"

"आजी, देव चराचरात हाय म्हणतो आपण. खांबात होता, दगडात हाय. मग फोनात न्हाई असं मी कोण म्हणणार? पण देव असणं येगळं, जीव असणं येगळं. ज्याच्या नावावर कर्म चढतं तो जीव. त्याला जन्म हाय, मरण हाय, फेरा हाय."

"बॅटरी उतरती की तिची," कुणीतरी मागून म्हणालं.

"उतरती, पण उतरताना भेत न्हाई," महाराज म्हणाले.

"मग तिनं चुकीचं सांगितलं तर पाप कुणाला?"

"आत बोलणारा असला तर त्याला. नसला तर जो तिला बोलायला लावतो त्याला."

"आन् बोलणाऱ्यालाच ठाव नसलं, आपण बोललो का आपल्यातून दुसरं कुणी बोललं, तर?"

महाराजांनी कपबशी खाली ठेवली. माझ्याकडं नीट पाहिलं. "आजी, हे फोनाचंच चाललंय का?"

"फोनाचंच की," मी म्हणाले, आणि बशा गोळा करायला उठले.

घरी आले, पण ते डोक्यातून जाईना. मला आधी जावेचंच खरं वाटत होतं. ज्याला लागतं तो आत आहे, ज्याला लागत नाही तो नाही. वासरू मेलं आणि फोन सकाळी नमस्कार ताई म्हणाला, म्हणजे आत कुणी नाही. सोपं आहे. पण मग मला आठवलं, दिराची राख भरून आणली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी काय म्हणाले होते. मी भिंतीपाशी जाऊन म्हणाले होते, "चहा टाकलाय, येतीस का?" रोज म्हणायचे तसंच, त्याच सुरात. पुढं तीस वर्षं तेच म्हणाले. माझ्याकडं बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? हिला काहीच लागलं नाही, एवढंच. आणि आत तर मी एक दिवस धड जेवले नाही. मग त्या फोनाच्या आत काय आहे, ते मी कुठल्या तोंडानं सांगू? मला माहीत नाही. महाराजांना नाही, खुद्द त्या फोनातल्या बाईलाही नाही. पण माझ्या आतलं तर मला माहीत होतं. निदान तेवढं सांगणं माझ्या हातात होतं.

चार दिवस गेले. सकाळची उन्हं होती, जाऊ ओट्यावर बसून हातानं चाचपून ज्वारी निवडत होती. मी जवळ जाऊन बसले. म्हणाले, "त्या मंगळवारचं सांगायचंय."

तिचा हात थांबला नाही. "सांग की."

"बाकीच्या मंगळवारचं मला कधीच काही आठवलं न्हाई. त्या दिवसाचं सगळं आठवतं. तू हिरवं लुगडं नेसलीवतीस. लिंबावर डाग व्हता. मागं कुणाचं तरी लेकरू रडत व्हतं. मी घुमत व्हते, पण मी तिथंच व्हते. तू इचारायच्या आधी माझ्या मनात आलंवतं, ही गेली तर सहा महिने सासूचं हगणंमुतणं मला एकटीला. ते मनात आलं आन् तोंडातून ते गेलं. मधी देवी व्हती का न्हाई, मला सांगता येत न्हाई. पण मी व्हते."

ती सुपातले दाणे बोटांनी एका कडेला ओढत राहिली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर ऐकल्या असत्या.

"तीस वरीस," ती म्हणाली, "मी देवीवर रुसले. ठाव हाय का तुला? घट बसवले न्हाईत. लेकाच्या लग्नात गोंधळ घालू दिला न्हाई. सून मनली, आत्याबाई कावून असं करता, तिलाच गप केलं. लोक डोंगर चढायचे, मी पाठ करून बसायचे. मनायचे, तूच सांगितलंस आन् तूच नेलास. काय काय बोलले गं मी तिला. आन् ती तिथं नव्हतीच का काय."

"मी चुकले."

"तू गप." तिनं सूप बाजूला सारलं. "आता मला तिच्यापुढं कसं उभं राहावं ते सुचू दे."

पुढच्या मंगळवारी सुनेनं तिला डोंगरावर नेलं. नव्या खणानारळानं ओटी भरली. नजर नसलेली बाई, साठीच्या पुढची, प्रत्येक पायरी पायानं चाचपत चढली म्हणे. देवळात काय बोलली, कुणाला ऐकू आलं नाही. सून सांगत होती, कपाळ टेकलं ते उठेचना, शेवटी मीच दंडाला धरून उठवलं.

परत आल्यावर खोबऱ्याचा प्रसाद आळीभर वाटला. सून ताट घेऊन घरोघरी गेली. मी दारात उभी होते. ती माझ्यापाशी आली, थांबली, आणि मान खाली घालून म्हणाली, "मोठ्या आत्या, तुमच्या दारी द्यायचा न्हाई म्हणल्यात. मी काय करू?"

"त्यांचं ऐक," मी म्हणाले.

ती पुढच्या घरी गेली. तीस वर्षं त्या घरातनं या घरात भाजी आली, ताक आलं, सणाची पोळी आली, आणि खरं दडवून खाल्लेलं त्यातलं काहीच माझ्या अंगी लागलं नव्हतं. हा न दिलेला खोबऱ्याचा तुकडा मात्र मला पोचला.