संकष्टीचं उड्डाण

तळलेल्या माशांचा वास आला की मला केंब्रिजजवळच्या आकाशातली ती लख्ख सकाळ आठवते आणि स्वतःचीच चीड येते. पायलटचं लायसन्स नवंकोरं होतं, आणि पुण्याहून आलेल्या सासरेबुवांना हा नाद म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटत होती. त्यांचं मत बदलायचंच म्हणून मी चार सीटचं विमान भाड्यानं घेतलं, वारा पाहिला, ढग पाहिले, इंधन तपासलं आणि कुठे जायचं ते मात्र सरप्राइज ठेवलं. खाली हिरवी शेतं, चमचमणारं तळं. सासूबाई तर चक्क हसत होत्या. एका छोट्या विमानतळावर उतरून आम्ही धावपट्टीलगतच्या रेस्टॉरंटात शिरलो आणि मी ऐटीत म्हणालो, "बाबा, इथला ब्रेकफास्ट खायला लोक लांबून उडत येतात!" बायको आणि सासू-सासरे एकमेकांकडे बघू लागले. "अरे, आज संकष्टी आहे," बायको म्हणाली. "तू फिरायला नेतो म्हणालास, खायला नाही!" मी घाईघाईनं फ्रेंच फ्राइज सुचवले. सासूबाईंनी वेट्रेसकडे तेलाची चौकशी केली, तर त्यातच मासे तळतात म्हणे. "जावईबापू," सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "उपाशी माणसांना तुम्ही विमानानं हॉटेलात आणलंत." तिघांनी नुसता चहा घेतला, आणि आधीच मागवून बसलेलं ऑम्लेट मी त्यांच्या देखत एकट्यानं गिळलं. सासरेबुवा आता पुण्यात भेटेल त्याला सांगतात, "आमचा जावई विमान झकास चालवतो हो, फक्त नेतोय कुठे ते आधी विचारून घ्या."