आमच्या शिवेवरचा बाणाचा दगड

मी चौथीपर्यंत शिकलो. तरी लिहितो, कारण आमच्या गावाबद्दल दुसरं कोणी लिहील असं आता वाटत नाही. चाकणच्या या पट्ट्यात आमच्या जमिनी कंपन्यांत गेल्या त्याला जमाना झाला. पत्ता विचारला तर पोरं कंपनीचं गेट सांगतात. गावाचं नाव आम्हा म्हाताऱ्यांच्या तोंडात राहिलं, तेवढंच.

शिवेवर एक काळा दगड होता. हातभर उंच, त्यावर बाण कोरलेला आणि खाली इंग्रजी अक्षरं. गोऱ्या साहेबाच्या काळात मोजणीवाल्यांनी पुरला, असं वडील सांगायचे. गावानं त्याचा देव केला. नवरा-नवरी आधी त्याच्यापुढे नारळ फोडणार, मग मारुतीला जाणार. शेंदूर इतका चढला होता की बाण बोटानं चाचपावा लागे.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगी स्कूटीला पेटी बांधून आली. मारुंजीला भाड्यानं राहते, मोजणीची कामं करते. तिनं मला नीट समजावलं. देशातल्या जागांच्या समुद्रापासूनच्या उंच्या अशा जुन्या दगडांवरून धरलेल्या. आता त्या उपग्रहावरून नव्यानं धरायच्यात. सरकारी माणसं सगळीकडे पुरणार नाहीत, म्हणून ज्याच्याकडे यंत्र आहे त्यानं जुना दगड शोधावा, त्यावर यंत्र लावावं आणि आकडे पाठवावेत. ती सुट्टीच्या दिवशी पदरचं पेट्रोल जाळत हिंडत होती.

"म्हंजी आमचा दगड देशाच्या हिशेबात येनार?"

"येणार की, आजोबा. गावाच्या नावासकट."

मग मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. मी रॉकेल आणलं, शेंदूर खरवडला. बाण उघडा पडला तेव्हा ऊर भरून आला. तिनं तिकाटणं रोवलं, वर ते पांढरं थाळीसारखं यंत्र बसवलं. ऊन मरणाचं. मी छत्री घेऊन यंत्रावर धरली.

"आजोबा, छत्री काढा! त्याला आभाळ दिसायला पाहिजे."

"तुला तरी धरू का?"

"तुम्हीच सावलीत बसा."

मी नाही बसलो. टेम्पोवाले जवळून वळवत होते, त्यांना हाकलत उभा राहिलो. यंत्र बराच वेळ तसंच ठेवावं लागतं म्हणाली. राहू दे. आमच्या गावासाठी एवढा वेळ आजवर कोणी थांबलंय?

तेवढ्यात माझा दोस्त आला. आम्ही एकाच ओढ्यात पोहायला शिकलेलो.

"काय रं म्हाताऱ्या, देवाचा एक्सरे काढतोस व्हय?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो खूश झाला. पोरीला म्हणाला, "ताई, ह्यो दगड आमी वाचावला बरं का! रस्ता रुंद केला तवा ठेकेदार फोडायला निघाला हुता. आमी हायड्रा क्रेन आनला, हलगी लावली, वाजतगाजत इथं आनून बशिवला. चौथरा पन माझ्याच हातचा."

"हळद मी लावली," मी म्हणालो.

पोरीचा हात मोबाइलवर थांबला. "म्हणजे हा मूळ जागेवर नाही?"

"न्हाई ना. तिथं आता कंटेनर पळत्यात," दोस्त म्हणाला. "थांबा, च्या घिऊन येतो." आणि गेला.

ती मग हळूच म्हणाली, "आजोबा, मग याचा उपयोग नाही."

"दगड तोच हाय!"

"दगड तोच आहे. पण उंची त्या जुन्या जागेची मोजलेली होती, दगडाची नाही."

मी तिला हाताला धरून रस्त्यावर नेलं. "हितं हुता." ती म्हणाली, नक्की कुठं? मी काठी टेकवली. मग वाटलं, नाही, जरा पलीकडे. ओढ्याकडून मोजावं तर ओढा पाइपात गेलेला. बांधावरून धरावं तर बांध नाही, बाभळ नाही, समोर कंपनीची भिंत. रस्ताही भर घालून किती उचललाय कोण जाणे. कंटेनर हॉर्न मारत होते आणि मी काठी इकडून तिकडे टेकवत होतो. याच मातीत जन्मलो, आणि मला माझी शीव दाखवता येईना.

शेवटी म्हणालो, "पोरी, तू पाठीव. हलीवला म्हून सांगू नगंस. कुनाला कळतंय?"

"एक खोटा आकडा गेला तर आजूबाजूचे खरे दगड चुकीचे दिसतात, आजोबा. मला नाही जमणार."

आजवर मी कोणापुढे हात जोडले नाहीत. तिच्यापुढे जोडले. तिनं मान खाली घातली, मोबाइलवर काहीतरी दाबलं. काय लिहिलंस, विचारलं. "खूण नष्ट," म्हणाली. गावाचं नाव? खूणच नाही म्हटल्यावर ते कुठं लावणार, म्हणाली.

ती तिकाटणं मिटत होती तेव्हा दोस्त किटली घेऊन आला. कपाळावर घाम, तोंडभर हसू.

"झालं का रं? लागलं का गावाचं नाव?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. चौथऱ्याचं सिमेंट त्यानं स्वतःच्या हातानं कालवलं होतं.

"झालं," मी म्हणालो.

त्यानं पहिला कप दगडापुढे ठेवला, मग आम्हाला दिला. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलाय, आपलं गाव देशाच्या हिशेबात आलं म्हणून. मी शेजारी उभा असलो तर लोक माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो.